आमच्या घरात झालं ते ‘चेकिंग’ की झडती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिन्याभरापूर्वी आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. आमच्या भागात पोलिसांनी रात्रीचं ‘कोम्बिंग’ केलं, म्हणजे वस्ती घरोघर पिंजून काढली, रेकॉर्डवरचे आणि पॅरोलवर आलेले लोक ‘तपासण्यात आले’. त्या तपासलेल्यांत एक घर आमचं. त्या चार ओळींत जे मावलं नाही ते लिहिते आहे. पत्र लांबेल. काटछाट करायचीच झाली तर माझी माहिती कापा, वहीचं तेवढं कापू नका.

मी शिलाईकाम करते. ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको. पुढच्या खोलीत मशीन, मागे दोन खोल्या, वर पत्रा. घरात माझी आई, मी आणि माझी भाची. मिस्टर साखर कारखान्यावर असतात, गळीत चालू असलं की त्यांची एक आठवडा आड रात्रपाळी. आणि मार्गशीर्षातले तीस दिवस माझा धाकटा भाऊ होता.

भाऊ कोल्हापुरात कळंब्याच्या कारागृहात जन्मठेप भोगतो आहे. बांधाच्या भांडणात त्याच्या हातून माणूस गेला. त्याबद्दल मला सारवासारव करायची नाही. ज्यांचा माणूस गेला त्यांच्या गल्लीतून जायची वेळ आली तर मी लांबचा रस्ता धरते. कोर्टाने शिक्षा दिली, ती तो भोगतो आहे, अकरावं वर्ष चालू आहे. भाची त्याचीच मुलगी. सहा वर्षांची होती तेव्हापासून माझ्याकडे.

आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून त्याला अभिवचन रजा मिळाली. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, घरच्या अडचणीसाठी मिळणारी; संचित रजा म्हणजे फर्लो, काही शिक्षा भोगल्यावर ठरावीक काळाने मिळणारी. हे शब्द बाकीच्यांना सांगावे लागतात, आमच्या घरात रेशनकार्डासारखे झालेत. या रजा १९५९ च्या नियमांवर चालतात. त्यात अधूनमधून दुरुस्त्या होतात. रजेला नातेवाईक जामीनदार लागतो, ती मी. त्याआधी पोलीस घरी येऊन चौकशी करतात, जामीनदाराचा जबाब घेतात, शेजाऱ्यांना विचारतात, मग अहवाल वर जातो. हे सगळं रीतसर झालं. आदेशाची झेरॉक्स माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यात अटी आहेत: दिलेल्या पत्त्यावरच राहायचं, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, वागणूक नीट ठेवायची, ठरल्या दिवशी स्वतःच्या खर्चाने कारागृहात हजर व्हायचं. मी त्या अटी आता पाठ म्हणून दाखवू शकते. पोलिसांना वाटेल तेव्हा घर उघडून बघता येईल, असं त्यात कुठंही नाही.

तो गुरुवार होता. संध्याकाळी महालक्ष्मीची पूजा मांडलेली, पाटावर कळस, नारळ, पाच फळं. शुक्रवारी सकाळी उचलायची म्हणून तशीच होती. रात्री पाऊण वाजता दार वाजलं. वाजलं म्हणजे कडी निघेल असं वाजलं.

‘कोण?’

‘पोलीस. उघडा.’

‘काय झालं, साहेब?’

‘पॅरोलवाला आहे ना घरात? चेकिंग आहे.’

मी दार उघडलं. साहेब धरून सहा जण. बाईमाणूस कोणी नाही. साहेबांनी विचारलं, ‘कुठंय?’ भाऊ आतून उठून आला, बनियन आणि लेंग्यावर. आणि संपादकसाहेब, कोणी काही म्हणायच्या आत तो भिंतीकडे तोंड करून, पाय फाकवून, दोन्ही हात वर करून उभा राहिला. कारागृहात बरॅकीची झडती घेतात तेव्हा असंच उभं करतात म्हणे. घरात, आईच्या खाटेपासून तीन हातांवर, कळसाशेजारी, तो तसा उभा. भाची दारात होती. तिने बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. मुलाखतीला जातो तेव्हा काचेपलीकडे तो बसलेला असतो.

तो घरात आहे हे दिसलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. अटच आहे दिलेल्या पत्त्यावर राहायची, ती पाळतो की नाही हे बघायला पोलीस रात्री आले तर येऊ देत. हाक मारा, तोंड बघा, वहीत नोंद करा, जा.

ते गेले नाहीत. ज्वारीच्या पिठाचा डबा पेपरवर पालथा केला. कपाटाची किल्ली मागितली, दिली. आईच्या खाटेवरची गादी एका बाजूने उचलली. आई गादीवरच होती. ती कलंडली, मी धरली. भाचीची कॉलेजची सॅक उपडी केली, तिचा मोबाईल उचलला, ‘लॉक काढ’ म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? तिने काढलं. शिपायाने उभ्या उभ्या फोटो वर सरकवले, दोन-चार मिनिटं, आणि फोन मशीनवर ठेवून दिला. त्यात तिचे आणि मैत्रिणींचे फोटो. कोण कुठली पोरं, त्यांच्या बापांना कळलं तर काय म्हणतील, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

आता वही. शिलाईवाल्या प्रत्येक बाईकडे मापाची वही असते. माझ्याकडे लांब, दोनशे पानी, वरती गिऱ्हाइकाचं नाव, खाली उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. लग्नसराईचे दिवस, दीडेकशे बायकांची मापं तिच्यात. एका शिपायाने ती उघडली. नावं आणि आकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, मटक्याची वाटली असेल. वाचायला लागला. मोठ्याने. नाव, मग छत्तीस, मग बत्तीस. दुसरा हसला. पहिल्याने पान उलटलं आणि आणखी एक नाव वाचलं. मी म्हटलं, ‘दादा, बायकांची मापं आहेत ती.’ तो म्हणाला, ‘माहिती आहे, मावशी,’ आणि आणखी एक वाचलं.

त्या वहीत पोलीस वसाहतीतल्या चौघींची मापं आहेत. वाचणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. मी बोलले नाही.

सहा जणांत एक वयस्कर हवालदार होते. आत देवाच्या कोपऱ्याकडे जाताना त्यांनी एकट्याने बूट काढले, पाटाला हात न लावता आजूबाजूला बघितलं आणि परत आले. हे लिहायला हवं म्हणून लिहिते. अंगझडती कोणाची घेतली नाही, हेही लिहिते. बायकांची अंगझडती बाईनेच घ्यायची असा कायदा आहे, तो मोडला असं मी म्हणणार नाही.

तास-पाऊण तास चाललं. सापडलं काही नाही. जाताना साहेब म्हणाले, ‘काही नाही, मावशी, रुटीन आहे. गावात चेन गेल्यात दोन. झोपा.’ पंच आणले नव्हते. कागद दाखवला नाही, लिहिला नाही, कोणाची सही घेतली नाही. गल्लीत मात्र सगळ्यांचे दिवे लागलेले. भाऊ अजून भिंतीकडेच तोंड करून होता. मी म्हटलं, ‘गेले रे.’ तेव्हा हात खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी पीठ चाळून घेतलं, पण पेपरवर पडलेलं पीठ कोणाला खायला घालणार, म्हशीला घातलं. चार दिवसांनी एक गिऱ्हाईक आली. जुनी, दहा वर्षांची. कापड द्यायला आली नव्हती. हळूच म्हणाली, ‘वहीतलं माझं पान फाडून देता का?’ तिला कोणी सांगितलं ठाऊक नाही. भिंती पातळ आहेत आमच्याकडे. मी फाडून दिलं. तिने ते घडी करून ब्लाऊजात ठेवलं आणि गेली.

मग मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेले. हे बऱ्याच बायकांना ठाऊक नसतं म्हणून सांगते: बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथे वकील फुकट मिळतो. मला मिळाल्या त्या वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आदेशाची झेरॉक्स वाचली, दोनदा वाचली, आणि विचारलं, ‘झडतीची कॉपी मागितली का तुम्ही?’ मी म्हटलं, ‘झडती कुठे, ते चेकिंग होतं.’ त्या म्हणाल्या, ‘चेकिंग असा शब्द कायद्यात दाखवा मला.’

त्यांनी समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. पोलिसांना घरात झडतीसाठी शिरायचं तर साधारण कोर्टाचं वॉरंट लागतं. वॉरंटशिवायही घेता येते. १ जुलै २०२४ पासून जी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली तिचं कलम १८५ त्यासाठी आहे. जुन्या कायद्यात ते १६५ होतं. पण त्याला बांध घातलेत. कुठल्यातरी गुन्ह्याचा तपास चालू असला पाहिजे. त्या तपासाला लागणारी वस्तू याच घरात आहे आणि वॉरंटची वाट बघितली तर उशीर होईल, असं मानायला कारण पाहिजे. ते कारण आणि काय शोधतोय ते आधी केस डायरीत लिहायचं. झडतीचं चित्रीकरण करायचं, मोबाईलवर केलं तरी चालतं. वस्तीतले दोन पंच बोलवायचे. लिहिलेल्या कारणाची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. आणि घरमालकाने अर्ज केला तर त्यालाही ती प्रत द्यायची, फुकट.

मी अर्ज केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, साडेतीन ओळींचं. सदर रात्री अर्जदार यांच्या घराची कोणतीही झडती घेण्यात आलेली नाही, अभिवचन रजेवरील बंद्याची नियमित तपासणी करण्यात आली आहे, सबब प्रत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

म्हणजे बघा. झडती म्हटलं की कारण लिहावं लागतं, पंच लागतात, चित्रीकरण लागतं, मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. चेकिंग म्हटलं की यातलं काही नको. पिठाचा डबा दोन्हीकडे पालथाच होतो. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती त्या एका शब्दाबद्दल आहे. चेन गेल्या होत्या, माझ्या भावावर संशय होता, तर तसं लिहा की! लिहून या, मी स्वतः कपाट उघडून देते. लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. पॅरोलवाला आहे, एवढंच कारण होतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. रोज तीन पेपर वाचतात, आपलाही. ते म्हणाले, ‘अगं, तुला काय माहीत, अमेरिकेत तर पॅरोलवाल्याला रस्त्यावर कुठेही थांबवून तपासतात, कोर्टाने मान्य केलंय.’ आणि वर म्हणाले, ‘शिवाय दार तूच उघडलंस. संमती झाली.’ पाऊण वाजता दारात सहा पोलीस असताना कडी काढणं याला संमती म्हणत असतील तर मग संमतीचं काय शिल्लक राहिलं? पण अमेरिकेचं मनात राहिलं. भाचीने आणि वकीलबाईंनी मिळून शोधलं.

गुरुजींचं खोटं नव्हतं. २००६ सालचा निकाल आहे, सॅमसन विरुद्ध कॅलिफोर्निया. सॅन ब्रुनो नावाच्या गावात पॅरोलवर असलेला एक जण रस्त्याने चालला होता, बरोबर एक बाई आणि लहान मूल. पोलिसाने ओळखला, थांबवला, तपासला. काही संशय होता म्हणून नव्हे, पॅरोलवर आहे म्हणून. सिगारेटच्या पाकिटात नशेचा माल सापडला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला की हे चालतं. पण का चालतं ते गुरुजींनी वाचलं नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातच तसं लिहिलेलं होतं, आणि सुटताना कैद्याकडून लिहून घेतलेलं होतं की मला कधीही, कारण असो-नसो, तपासायला माझी हरकत नाही. शिवाय त्याच कायद्यात असंही होतं की मनाला येईल तशी किंवा छळायला म्हणून झडती घ्यायची नाही. तरीसुद्धा तीन न्यायमूर्तींना ते पटलं नाही.

चांगलं की वाईट, ते तिथल्या लोकांनी ठरवावं. मला एवढंच दिसतं की तिथे आधी सांगून, लिहून, सही घेऊन करतात. आमच्या आदेशात ती अट नाही, आमच्या नियमांत ती अट मला कोणी दाखवली नाही, आणि सही तर माझी आहे. ती भाऊ परत जाईल याची आहे. भाऊ परत गेला नाही तर माझा बाँड जप्त करा, कोर्टात उभं करा, मी तयार आहे. मापाच्या वहीची सही मी दिलेली नाही. ती माझी नाहीच द्यायला. ती त्या दीडशे बायकांची आहे.

आपल्याकडेही कोर्टाने हे सगळं केव्हाच बोलून ठेवलंय. उत्तर प्रदेशात खडक सिंग नावाचा माणूस होता. १९४१ मध्ये दरोड्यात पकडला, पुरावा नाही म्हणून सोडला, पण पोलिसांनी त्याचं हिस्ट्रीशीट, म्हणजे नजर ठेवायच्या माणसाची नोंद, उघडलं. मग रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई दारात, हाका मारणार, दार ठोकणार, झोपेतून उठवणार. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींनी रात्री घरी जाऊन तपासण्याचा तो पोलीस नियमच रद्द केला. खासगीपणाचा हक्क मात्र तेव्हा बहुमताने मानला नाही. तेवढी चूक ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने दुरुस्त केली.

कोणी म्हणेल, खडक सिंगला शिक्षा कुठे झाली होती, तुमचा भाऊ तर गुन्हेगार. बरोबर. म्हणून दुसरं प्रकरण सांगते, गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश, १९७५. त्यात माणूस सराईत म्हणून नोंदलेला, आणि कोर्टाने पोलिसांचे नियम रद्द केले नाहीत, ठेवले. ठेवताना काय म्हटलं ते वकीलबाईंनी मला मराठीत सांगितलं: असं घरी जाऊन तपासणं समाजाला उघड धोका असेल तिथेच करा, शिक्षा संपली, तुरुंगातून सुटला, म्हणून नेहमीचं काम किंवा एखाद्या अधिकाऱ्याची लहर म्हणून करू नका. पन्नास वर्षं झाली त्याला. ‘रुटीन आहे, मावशी,’ हे साहेबांनी मला सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असणार की माझी समजूत काढतोय.

आणखी एक गंमत. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुदतीआधी सुटका मागताना जी चौदा वर्षं मोजायची त्यात पॅरोलवर काढलेले दिवस धरायचे नाहीत. कारण ते दिवस कैदी आत नव्हता. ठीक आहे. भावाने आईजवळ काढलेले तीस दिवस त्याच्या हिशेबात आले नाहीत तरी आमची हरकत नाही. पण मोजताना ते दिवस बाहेरचे, आणि झडतीला मात्र माझी खोली बरॅक, असं दोन्हीकडून कसं?

पोलिसांची बाजू मला कळत नाही असं नाही. एक कैदी पळाला की पहिला जाब त्यांना विचारतात. २०१६ मध्ये मुंबईतल्या एका तरुण वकील मुलीच्या खुनातला कैदी नाशिकरोडहून पॅरोलवर सुटला आणि परत आलाच नाही. पुढच्या वर्षी काश्मीरकडे सापडला. ती बातमी आम्हीसुद्धा वाचली आहे, आमच्यासारख्यांनी तर जास्तच वाचली, कारण त्यानंतर रजेचे नियम कडक झाले. त्या मुलीच्या आईबापांना काय वाटलं असेल ते मी बोलायला नको. पण पळणारा माणूस पिठाच्या डब्यात सापडत नाही. तो घरी आहे की नाही हे दारातून कळतं. आमचा तर सोमवारी साडेनऊला ठाण्याच्या बाकावर जाऊन बसायचा, साहेब अकराला यायचे.

गल्लीत काही जण म्हणाले, ‘सापडलं काही नाही ना, मग झालं.’ सापडलं नाही हे खरं. त्या रात्रीनंतर भाऊ झोपलाच नाही. दिवसा आईचे पाय चोळायचा, तिला घास भरवायचा, रात्री दाराशी बसायचा. मी विचारलं तर म्हणाला, ‘अक्का, त्यांनी परत वाजवलं तर तू उठायच्या आत मी उघडतो. आई दचकते.’ सतराव्या दिवशी म्हणाला, ‘मी आजच जाऊन हजर होतो, राहिलेले दिवस नकोत मला.’ समजूत घालून ठेवून घेतलं. ठरल्या दिवशी दुपारी दोनच्या एसटीने गेला, संध्याकाळच्या आत हजर झाला. सोडायला मी गेले होते. फाटकाशी त्याची तपासणी झाली, तिथे तो हात वर करून उभा राहिला तेव्हा मला काही वाटलं नाही. तिथला तो रिवाज आहे.

आता भाचीचं. तिने फोनचं लॉक बदललं आणि बापाशी बोलणं कमी केलं. तिचा राग पोलिसांवर नाही, त्याच्यावर आहे. ‘ते आले नसते तर हे झालं नसतं,’ म्हणते. अकरा वर्षांनी तीस दिवस बाप घरात होता आणि त्यातून तिच्या पदरात हे पडलं. रजा कशासाठी असते, असं कारागृहाच्या कागदावर लिहिलेलं असतं ना? कुटुंबाशी नातं टिकावं म्हणून.

गेल्या आठवड्यात हवालदार घरी आले होते. तेच, बूट काढणारे. भावाचा संचित रजेचा अर्ज गेलाय. त्याची इच्छा नव्हती, आईसाठी मीच मुलाखतीत गळ घातली. जामीनदाराचा जबाब घ्यायला आले होते. मी चहा ठेवला. त्यांनी पाटीवर कागद लावून लिहायला घेतलं: मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, सदर बंदी हा माझा सख्खा भाऊ असून… मी म्हटलं, ‘दादा, शेवटी माझी एक ओळ घाला. रजेवर असताना माझ्या घराची झडती घ्यायची असेल तर कारण लिहून, पंच आणून घ्यावी.’ ते थांबले. पेन कागदावरून उचललं. म्हणाले, ‘ताई, तुमचं चुकीचं नाही. पण या जबाबाचा मजकूर ठरलेला असतो. जादा काही लिहिलं तर वरून परत येतो आणि रजा लांबते.’

आईला आता उजवा हात हलवता येत नाही. मी आहे तशी सही केली. ते गेल्यावर भाचीला म्हटलं, कागद दे, पेपरला लिहिते.

नाव, पत्ता आणि अर्जाच्या उत्तराची झेरॉक्स सोबत जोडली आहे. नाव छापू नये. माझी काही हरकत नव्हती, पण भाचीला बघायला पाहुणे येणार आहेत.

आपली,
एक नियमित वाचक